मेहुण्यांचा अग्निगोल

आकाशातून पडलेला तो दगड सापडला तर माझ्या शाळेच्या कपाटात येणार होता. शेजारच्या गावच्या शाळेकडे नुसता भुसा भरलेला कोल्हा आहे. त्यांची जिरली असती. शुक्रवारी पाऊस सांगितला होता आणि पोटात लोखंड असलेला असा दगड ओल्या मातीत गंजतो. म्हणजे हातात दोन दिवस.

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला चंद्राला फिका पाडणारा अग्निगोल आमच्या इस्त्रिया द्वीपकल्पावरून गेला. ऑलिव्हच्या घाण्यावर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकानं तो ‘त्या टेकडीच्या मागंच’ पडल्याचं शपथेवर सांगितलं. टेकड्या मात्र सहा भरल्या. खरी जागा काढायला दोन गावांतून टिपलेली दोन चित्रणं लागतात. रात्रीचं आकाश टिपणारे कॅमेरे दोनच: एक बेर्तोच्या छपरावर, दुसरा त्याचा मेहुणा मिहो याच्या. आणि दोघांत वर्षभर अबोला. मिहोनं गेल्या वर्षी आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात थाटात दाखवलेला अग्निगोल म्हणजे काचेवरून चाललेला कोळी आहे, हे बेर्तोनं सगळ्यांदेखत सिद्ध केलं होतं.

"त्यानं आधी मागावं," बेर्तो म्हणाला. "मग देतो."

मिहो म्हणाला, "दाजींना तोंड नाही का, बाई? मागू दे की."

रात्रभर वाट पाहिली. सकाळी बेर्तोला फोन लावला. "मिहोनं मागितलंय. तुमच्यासमोर यायला लाजतोय."

"लाजतोय? तो? असू दे. लहान आहे. पाठवतो."

मग मिहोला. "दाजींनी मागितलंय. म्हणाले, तेव्हा पोराला जास्तच बोललो."

"असं म्हणाले?"

"हो. पण विषय काढू नकोस, त्यांना अवघडतं."

दहा मिनिटांत दोन्ही चित्रणं आली. दोन रेषा छेदल्या त्या सहापैकी एकाही टेकडीमागे नाही, तर एका द्राक्षमळ्यात. गुरुवारी आम्ही तिघं तिथं वाकून फिरत होतो.

"आधी तुम्ही, दाजी."

"छे, तू बघ. तुझी नजर चांगली."

या आदबीत त्यांची एकच ओळ अर्धा तास चालली. तेवढ्यात मी चार पाहिल्या. दगड मला सापडला, अक्रोडाएवढा, काळाकुट्ट.

पुढच्या आठवड्यात बेर्तोची बायको, म्हणजे मिहोची बहीण मारित्सा, बाजारात भेटली. "बाई, माझा भाऊ परत दर रविवारी जेवायला येणार म्हणे. वर्षभर काय शांत रविवार होते. हे भांडण मिटवलं कुणी?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

तर मला दगड मिळाला. बेर्तोला माफी मिळाली, मिहोलाही मिळाली, आणि ती दोघांपैकी एकानंही मागितलेली नाही. किंमत मारित्सा मोजतेय, दर रविवारी, तिघांचा पास्ता हातानं वळून.