न थांबणारी अँबेसेडर

सहा वर्षं उभी असलेली गाडी चालू करणं सोपं, ती थांबवणं कठीण. सावली गावात माझं गॅरेज आहे आणि हे मी, प्रफुल मिस्त्री, येणाऱ्या प्रत्येकाला घसा फोडून सांगतो. पण ऐकतो कोण? इस्तारीभाऊंनी नवी बॅटरी लावली, चावी फिरवली, इंजिन लागलं म्हणून टाळ्या पिटल्या आणि ब्रेक दाबता दाबता अँबेसेडर तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात घातली. मग मला फोन केला.

इस्तारीभाऊ तलावात मासे धरणारा माणूस. लग्नसराईत नवरदेव आणायला गाडी हवी म्हणून हौसेनं ही अँबेसेडर घेतलेली. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गाडी छपरीत गेली. ऑपरेशनची भीती वाटते म्हणून सहा वर्षं काढली बुवानं! गेल्या महिन्यात ते एकदाचं झालं आणि दिसायला लागल्याबरोबर यांना गाडीच दिसली.

मी शुक्रवारी पोचलो तेव्हा कुंताबाई दारातच उभ्या होत्या. त्या गाडीला ‘सवत’ म्हणतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"रविवारपर्यंत ब्रेक लागले तं ठीक," त्या म्हणाल्या. "नाई तं निकेश भंगारवाला टेम्पो घेऊन येऊन राह्यला. मी सांगून ठेवलं हाय त्याले."

इस्तारीभाऊंचं तोंड एवढंसं झालं. "प्रफुल, कायबी कर बापा. हिले भंगारात नोको जाऊ देऊ."

पेडल दाबलं तर थेट तळाला जात होतं. ब्रेक ऑइल काळंकुट्ट, मास्टर सिलिंडरची रबरं फाटलेली. ती बदलली, नवं ऑइल भरलं, नळ्यांतली हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. झालं काम, म्हणून मी मिशीवर हात फिरवला आणि गाडी शेताकडच्या पांदणीत काढली. पेडलवर अख्खा उभा राहिलो, तरी ती आरामात पुढे चालली होती.

"तुले येते का नाई रे हे काम?" इस्तारीभाऊंनी विचारलं. माझं डोकं सटकलं. रागारागानं हँडब्रेक ओढला, तरी गाडी उतारावर सरकतच राहिली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याचा ऑइलशी संबंध नाही. पेडल घट्ट असून गाडी थांबत नाही आणि तारेनंही थांबत नाही, म्हणजे दुखणं चाकाच्या आत आहे, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनरच पकडत नाहीत. चाकं सगळ्यात आधी उघडायला हवी होती. आळस केला, दुसरं काय!

शनिवारी सकाळी पहिला ड्रम काढला आणि नाकात वास घुसला. ब्रेक ऑइलचा नव्हे, टोरीच्या तेलाचा, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा. चारही चाकांतले लायनर तेलात न्हालेले.

"इस्तारीभाऊ!" मी ओरडलो. "ब्रेकले तेल कोनं पाजलं?"

"मले तं दिसतच नव्हतं बापा, मी कायले पाजू?"

ओट्यावर कुंताबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"म्याच टाकलं," त्या म्हणाल्या. "पोळ्याले बैलबंडीच्या चाकाले तेल देतो ना, तं हिच्याही चाकाले देल्लं. भोक होतं चाकाले. भोक तेलासाठीच असन, अजून कायसाठी असन?"

ते भोक ब्रेक ॲडजस्ट करायचं असतं. त्याचं रबरी बूच कधीच पडलेलं.

"किती वेळा टाकलं?"

"दर पोळ्याले."

इस्तारीभाऊ बायकोकडे वळले. "सवत मनते हिले, आन् तेल पाजते? मंग भंगारात काऊन देऊन राह्यली होती?"

"तुमाले दिसत नव्हतं, तवा तुमी हिच्या बोनेटवर हात ठेवून बसत होते," कुंताबाई म्हणाल्या. "मी मनलं, तुमाले दिसाले लागलं तं हिचं चाक फिराले पायजे. पन परवा तुमी तणसीत घुसले आन् माझा जीव उडून गेला जी. गाडी जावो, तुमी रहा, असं वाटलं मले." आणि त्या पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण मी लायनर खोलायला बसलो.

दुपारची बस धरून मी चंद्रपूर गाठलं, नवे लायनर ठोकून आणले. ड्रम पेट्रोलनं तीनदा धुतले.

रविवारी सकाळी इस्तारीभाऊ गाडीत बसले. कुंताबाईंना मी बाजूला व्हायला सांगितलं, तर त्या दार उघडून नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. "लागले नाई तं दोघंबी जाऊ," म्हणाल्या आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

गाडी उतारानं सुटली. नेमका वळणावरून निकेशचा टेम्पो आला. इस्तारीभाऊंनी पेडल दाबलं आणि अँबेसेडर टेम्पोपासून हातभर अंतरावर गपकन उभी राहिली.

"थांबली का जी?" कुंताबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"थांबली."

निकेश उतरून खिडकीशी आला. "मावशी, हीच ना ती न्यायची गाडी?"

"कोनती? ही?" कुंताबाईंनी डोळे उघडून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुहा टेम्पो घे आंधी बाजूले. आमाले मार्कंड्याले महादेवाच्या दर्शनाले जायचं हाय."