टोमॅटोची वाटी, मिरचीची वाटी

हिरवं बटण, जुन्या स्वेटरचं, चार भोकांचं... अंकुरच्या चिमटीतून ते टोमॅटोच्या वाटीवर आलं, थबकलं, मग सरकत सरकत मिरचीच्या वाटीवर गेलं आणि टपकन पडलं. "शाब्बास," आरती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्या वेळात पोराने बटणाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तो पाहत होता तिच्याकडे.

खेळ केजीच्या बाईंनी मोबाइलवर पाठवला होता — घरातली बटणं गोळा करा, एका वाटीत टोमॅटो ठेवा, एकीत मिरची. लाल ते लालपाशी, हिरवं ते हिरव्यापाशी, मूल हसतखेळत शिकेल. आठवडाभर अंकुर हसतखेळत शिकत होता, एकही चूक न करता, आणि ती कौतुकाने बाईंना फोटो पाठवत होती. मघाशी कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने मान वळवली, एवढंच — परत पाहते तो टोमॅटोपाशी दोन हिरवी. तिच्या कपाळाला आठी पडली मात्र, त्याने ती झटकन उचलून दुसरीकडे टाकली. एवढंसं पोर, एवढी लबाडी कुठून शिकलं? की ही लबाडी नव्हेच... त्याला लाल आणि हिरवा एकच दिसतो की काय?

तिने ओढणी चेहऱ्यावर ओढून घेतली. "आता आई नाही. टाक बरं."

झिरझिरीत कापडातून तिला दिसलं, त्याचा हात हवेत तसाच राहिला. "आई, बाहेर ये ना," तो रडवेला होऊन म्हणाला.

"काहून पोराची परीक्षा घेऊन राहिली?" बाहेरच्या खोलीतून गोपाल म्हणाला. "खेयू दे ना त्याले."

"खेळच आहे," ती म्हणाली, पण नवऱ्याच्या त्या साध्या बोलण्यातही ती काहीतरी शोधत राहिली. याला कळलंय का? उद्या हाच म्हणेल, आमच्या घरात असं कोणाले नाही... आणि खरंच, यांच्या घरात नाहीच.

मग तिला माहेर आठवलं, वरूडच्या संत्र्याच्या बागा. तिचे बाबा खुशालराव म्हणजे बागा घेणारे व्यापारी. फळ हुंगून, दाबून पारखायचे आणि गावाला त्याचं केवढं कौतुक, खुशालरावचं नाक लय तेज म्हणून! ते नाक म्हणजे नुसता देखावा होता? कारण आई, गोदाबाई, प्रत्येक बागेत त्यांच्या मागे असायची, लोक हसायचे तरी. बाबांचा हात कच्च्या फळाकडे गेला की हळूच खाकरायची. लहानपणी आरतीला वाटे, आईला बागेतली धूळ सोसत नाही. एकदाच आई लग्नाला तिवशाला गेली होती, आणि त्या दिवशी बाबांनी क्रेटभर हिरवीगार संत्री तोडून आणली, वर मजुरांनाच झापलं... हे रंगांधळेपण आजोबांकडून लेकीत आणि लेकीकडून नातवात उतरतं, हे तिने कॉलेजात पाठ केलं होतं. पाठ करताना बाबा आठवले नव्हते.

स्वयंपाकघरात जाऊन तिने फोन लावला. "आई, बाबाले रंग समजत होते ना?"

पलीकडून गोदाबाईचा आवाज, "कोन म्हनलं तुले?"

ना हो, ना नाही — उलट कोण म्हणालं! आरतीला आईचा संताप आला. सगळा जन्म झाकलं, माझं लग्न लावलं, मला मूल झालं तरी एका शब्दाने...

"आई, अंकुर—"

"लेकरावर ओरडू नको," आई घाईने म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ती परतली तेव्हा गोपाल चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "कर रे अंकुर. पाहू दे मले."

अंकुरने विटकरी लाल बटण उचललं आणि मिरचीच्या वाटीवर धरलं. वर पाहिलं. आरतीने ठरवलं होतं, चेहरा दगडासारखा ठेवायचा. एकदाचं कळू दे, डॉक्टरला दाखवू, गोपालला सांगू, झाकून काय होणार आहे. तो तिच्या डोळ्यांत शोधत होता, काही मिळत नव्हतं, खालचा ओठ थरथरायला लागला... आणि नकळत तिच्या घशातून एक हलकंसं खाकरणं बाहेर पडलं.

अंकुरचा हात टोमॅटोकडे वळला.

"घशाले काय झालं?" गोपालने विचारलं.

"धूळ," आरती म्हणाली, आणि मघाचा आईवरचा राग कुठे गेला ते तिला कळेना.