वॉर्डाचं दार

संगणकाच्या पडद्यावरच्या लाल ओळीवर तिने बोट टेकवलं आणि पुन्हा उचललं. वॉर्डाचं दार आपटतं, काम मिस्त्रींकडे, अजून बंद नाही. मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. त्यांना जाऊन महिना होत आला होता.

रुग्णालयात मोडकंतोडकं नोंदवून घ्यायचं, माणूस नेमायचा आणि दुरुस्ती झाली की काम बंद करायचं, ही तिची नोकरी. बाबा मात्र त्याच दिवशी काम बंद करू द्यायचे नाहीत. रात्रभर वापरू देत, सकाळी बघून सांगतो, म्हणायचे. या दाराची सकाळ तेवढी त्यांच्या वाट्याला आली नाही.

महिनाअखेर लाल काही दिसता कामा नये, असं साहेबांनी बजावलं होतं. बंद तरी कर, नाहीतर दुसऱ्या फिटरला दे.

"त्यांच्या हातचं काम. त्यात बघायचं काय?" हे मात्र ते मायेनेच म्हणाले.

तरीही ती बघायला गेली. दार आपटत नव्हतं, कारण फटीत टॉवेलाची घडी खोचलेली होती. तिने ती ओढली, तसं दार हातातून सुटून धाडकन आपटलं. आत कुणीतरी दचकून कण्हलं. सिस्टर तरातरा आल्या आणि तिला पाहून थबकल्या.

"राहू दे गं तो टॉवेल. आमचं भागतंय."

"पुन्हा तक्रार का नाही केलीत?"

सिस्टरनी तिच्या हातातला टॉवेल घेऊन उगाच नीट घडी घातली.

"कुणाची करायची?"

ती स्टुलावर चढली. दार हळू मिटवणारा वरचा क्लोजर तिरका बसला होता. स्क्रू वाकडे, एकाची तर खाच पार झिजलेली. स्क्रूचं डोकं खाऊ नका रे, माझं खाता तेवढं पुरे, असं नवशिक्यांना ऐकवणाऱ्या माणसाचं हे काम. शेवटचे काही महिने त्यांचा चहा बशीत हिंदकळायचा. ती गुपचूप त्यांना हलकी कामं द्यायची, आणि तेही गुपचूप घ्यायचे. दुसऱ्या फिटरला पाठवलं, तर संध्याकाळपर्यंत वर्कशॉपभर होईल, की मिस्त्रींचा हात गेला होता. बंद केलं, तर कुणी ब्र काढणार नव्हतं.

ती खाली उतरली आणि वर्कशॉपमधून बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. लहानपणी ती त्यांच्यासाठी टॉर्च धरून उभी राहायची, तेव्हा पाहिलं होतं तसं एकेक करत सगळं काढलं. क्लोजर सरळ धरून नवे स्क्रू पिळले. मग दाराचा वेग कमी करायचा स्क्रू जरा जरा फिरवत राहिली. शेवटी दार आवाज न करता टेकलं.

"शोभतेस हो त्यांची लेक," सिस्टर म्हणाल्या. "टाक आता बंद करून."

झिजलेला स्क्रू तिने मुठीत ठेवला आणि टॉवेल काखेत घेतला. तो इथे राहिला, तर रात्री कुणीतरी सवयीने खोचलाच असता.

जिन्यात साहेबांचा फोन आला. झालं का ते दाराचं?

"आजची रात्र जाऊ द्या, साहेब. सकाळी बघून सांगते."