दुसऱ्याच्या मालकीचा अहवाल

जेवता जेवता भाच्याने मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला. "मामा, ही बघा. ठरल्यातच जमा आहे."

पडद्यावर एक लाकडी बोट होती. पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर चढवलेली, नव्या रंगाने चकाकणारी, आणि तिच्या कुशीला टेकलेली एक शिडी. ती शिडी मामांनी स्वतःच तिथे टेकवली होती. जुन्या बोटी विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी त्या तपासून द्यायच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. हीच बोट त्यांनी नुकतीच एका दंतवैद्यासाठी तपासली होती. निरोगी लाकूड हातोडीला उलट उत्तर देते. या बोटीच्या तळाच्या फासळ्या मात्र उशीवर थाप मारावी तशा भद्द वाजल्या होत्या. रंगाखाली सगळी कूज. मामांनी तसे लिहिले, खाली सही केली आणि अहवाल दंतवैद्याच्या हवाली केला. त्या क्षणापासून त्यातला एकही शब्द त्यांचा राहिला नाही.

धंद्याची रीतच तशी. ज्याने तपासणी मागवली, अहवाल त्याचा. त्याने तो वाचावा, फाडावा, घासाघीस करताना हुकमाच्या पानासारखा टाकावा. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. बोटीच्या मालकाने त्या दिवशी धक्क्यावरच मामांना अडवले होते. "अहो, बोट माझी. मग तिच्या दुखण्याचा कागद माझा कसा नाही?"

"बोट तुमचीच आहे," मामा म्हणाले होते, "पण माझे डोळे आज त्यांचे आहेत."

आणि आता तीच बोट ताटाशेजारी येऊन उभी होती.

"आम्ही तिच्यावरच राहणार, मामा," भाच्याची बायको सांगत होती. तिच्या आवाजात महिनोन्‌महिने जपलेला उजेड होता. "भाड्याच्या खोल्या सोडायच्या. आत दोन माणसांपुरतं अगदी नीट बसतं. चूल, पलंग, वर खिडकी."

"आणि भांडण झालं की जायचं कुठे?" मामांची धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, म्हणाली.

"पोहायला," भाचा म्हणाला. सगळे हसले. मग बहीण भावाकडे वळली. "सांग की रे दादा, कशी वाटते?"

मामांनी पेल्यात पाणी ओतले. ओतत राहिले. दंतवैद्याचा मालकाशी सौदा अजून तुटलेला नसावा. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये उभे राहून एकाचे गुपित दुसऱ्याच्या कानात सांगणाऱ्याला या धंद्यात जागा नसते. निदान परवानगी विचारावी, तर तेवढ्यानेही दंतवैद्याला कळले असते की बोटीवर दुसऱ्या कुणाचा डोळा आहे, आणि भाच्याचे गुपित त्याच्या विरुद्ध बाजूला गेले असते. असा विचार करता करता ते थकून गेले. हा शीण त्या संध्याकाळचा नव्हता. किती बोटींच्या पोटातला अंधार ते इतकी वर्षे दुसऱ्यांच्या वतीने वाहत आले होते, आणि रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाला नुसते 'बरं आहे ना' एवढेच विचारत आले होते.

"आधी जेवून घ्या," ते म्हणाले. "गार होतंय."

पुढे ते अवाक्षरही बोलले नाहीत. घरी जाताना वाटेत त्यांनी मनाची समजूत घातली, की आपले गप्प बसणे पुरेसे आहे. पोरे शहाणी आहेत. मामा बोलत नाहीत म्हणजे पाणी कुठेतरी मुरतेय, हे त्यांच्या लक्षात येईल.

पण घराने मामांना वेगळ्याच रीतीने वाचले होते. हा माणूस कुठल्याही दारातून आत आला की बिजागरी तपासायचा. नव्या सोफ्याला त्याने खोट काढली होती, दवाखान्याच्या जिन्याला काढली होती. खुद्द बहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या बुटाची टाच झिजलीय, हे त्याने व्याह्यांसमोर सांगितले होते. अशा माणसाला ज्या वस्तूत एकही खोट सापडू नये, ती वस्तू काय असेल! मामा त्या दिवशी दारातून बाहेर पडले, आणि मागे त्या तिघांनी आनंदाने एकमेकांकडे पाहिले.

हे त्यांना बहिणीच्या फोनवरून कळले. "इसार दिला रे पोरांनी! खोल्याही सोडल्या. घरमालकाला दुसरे भाडेकरू लगेच मिळाले. मी म्हटलं, दादाने नाव ठेवलं नाही म्हणजे डोळे मिटून घ्या."

मामांनी फोन खाली ठेवला. मग चपला पायांत सरकवून थेट दंतवैद्याच्या दवाखान्यात गेले.

दंतवैद्य एका बाईंच्या दाढेवर वाकलेला होता. मामांनी दारातूनच, घसा खाकरत, अहवाल दुसऱ्या कुणाला दाखवायची परवानगी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"द्या की!" दंतवैद्य मान वर न करताच म्हणाला. "ती बोट मी केव्हाच सोडली. तुमचा रिपोर्ट वाचला त्याच दिवशी. कोण आहे घेणारा?"

"भाचा."

आता दंतवैद्याने मान वर केली. "अहो, मग इतके दिवस होतात कुठे? एक फोन करायचा होता. मी काय नाही म्हणालो असतो?"

खुर्चीतल्या बाई तोंड उघडे ठेवून मामांकडे बघत होत्या. त्यांनाही काहीतरी म्हणायचे असावे.

भाच्याच्या खोल्यांत फक्त खोकी उरली होती. भिंतींवर चित्रांच्या जागी फिके चौकोन. मामांनी अहवाल पुढे केला. भाच्याने तो उभ्यानेच वाचला, मग पहिल्या पानावरच्या तारखेपाशी परत आला.

"म्हणजे जेवायला बसलो होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग?"

"अहवाल माझा नव्हता रे."

"आणि मी?" भाच्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे झाले असते. "मी कुणाचा होतो, मामा?"

धंद्याबाहेर बोलायची मामांना सवय राहिली नव्हती. ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. "चुकलो," ते म्हणाले. शब्द फारच लहान निघाला.

भाच्याच्या बायकोने अहवाल त्याच्या हातातून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि नीट घडी घातली. "इसार बुडाला," ती म्हणाली. "बाकी काही बुडायच्या आत कळलं, एवढंच." मग मामांकडे वळून, "आता तुम्ही गप्प बसलात ना, की आम्हाला धडकी भरेल."

खाली रस्त्यावर नव्या भाडेकरूंचा टेम्पो लागत होता.

"माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे," मामा म्हणाले. "काही सोय होईपर्यंत चला."

भाचा एका खोक्यावर बसला आणि हातांची घडी घातली.

"आधी त्या खोलीत काय काय वाईट आहे ते सांगा."

मामांनी त्याच्याकडे पाहिले. तो थट्टा करत नव्हता.

"खिडकी नीट लागत नाही," ते म्हणाले. "पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. वरून रंग दिलाय मी, पण आहे. नळाला सकाळीच काय ते पाणी. जिन्याची एक पायरी सैल आहे, माझ्याच्याने होत नाही म्हणून तशीच राहिलीय."

"अजून?"

"भिंत पातळ आहे. रात्रभर मी खोकतो, तुम्हाला झोप लागणार नाही." मामा थांबले. "आणि मी आपणहून फारसं बोलत नाही. विचारावं लागतं."

भाच्याच्या बायकोने एक खोके पायाने त्यांच्याकडे सरकवले. "बसून सांगा," ती म्हणाली.

मामा बसले आणि पुढचे सांगू लागले.