पेडल किती खोल जातं

सुमती खांबेटे नवऱ्याच्या गाडीत शेवटच्या बसल्या, त्याला येत्या नोव्हेंबरात बारा वर्षं होतील. गाडी त्यानंतरही चालू होती. दर दसऱ्याला मधु खांबेटे ती डोंबिवलीहून टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला नेत, एकटेच. सुमतीबाई कधी बसने, कधी रिक्षाने जात. देवळापाशी दोघं भेटत, दर्शन बरोबर घेत आणि परत आपापल्या वाटेने येत. नवरी एका वाहनात आणि वरात दुसऱ्यात, असं सोसायटीतले लोक म्हणत. दोघांनाही ते ऐकू येई.

गाडी जपानी होती. दोनच सीट, लाल रंग, मागे घडी होणारं कापडी छप्पर. ठाण्यातल्या एका परदेशी कंपनीचा अधिकारी मायदेशी परतताना १९९६ साली ती विकून गेला. सुटे भाग मिळत नाहीत आणि माणसं बसत नाहीत, म्हणून कोणी घेत नव्हतं. खांबेटे तेव्हा पाचपाखाडीत राहत आणि एका रसायन कारखान्यात उपकरणांचे फोरमन होते. त्यांनी घेतली. संध्याकाळी छप्पर उघडून ते तलावपाळीला दोन फेऱ्या मारत. शेजारी सुमतीबाई आणि त्यांच्या मांडीवर चार वर्षांचा नील. घोडबंदर रस्ता त्या वेळी इतका मोकळा असे की ओवळ्यापर्यंत पंचवीस मिनिटं लागत. सुमतीबाईंनी वाटेत विकत घेतलेल्या काकड्यांना मीठ लावायला नील सीटखालून डबी काढून देई.

रविवार दुरुस्तीचा असे. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, पुन्हा आवळायचा. पेडलवर नेहमी सुमतीबाई असत. "दाब", "धर", "सोड", खांबेट्यांचे एवढेच तीन शब्द तासभर चालत. कंपाउंडमधल्या बायका खिडकीतून म्हणायच्या, सुमती, घरात कोण कोणाचं ऐकतं ते आज कळलं.

२००४ मध्ये ते डोंबिवलीत, मानपाडा रस्त्यावरच्या सोसायटीत आले. गाडीही आली. नील मोठा झाला, इंजिनियर झाला आणि न्यूझीलंडला गेला.

आणि २०१३ च्या नोव्हेंबरात माळशेज घाट उतरताना ब्रेक गेले. पूर्ण गेले नाहीत. तापून मऊ पडले, पेडल तळाला टेकलं आणि गाडी डाव्या बाजूने कठड्याला घासत साठेक फूट गेली. हँडब्रेक ओढून खांबेट्यांनी ती थांबवली. सुमतीबाईंच्या कोपराला चार टाके पडले. त्याची त्यांना तक्रार नव्हती. मुरबाडच्या गॅरेजमध्ये मात्र खांबेटे मिस्त्रीला सांगत होते की सकाळपासूनच पेडल जरा खोल जात होतं. सुमतीबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. तिथून त्या एसटीने घरी आल्या.

भांडण झालं नाही. खांबेट्यांनी दोनचारदा विचारलं, त्या नको म्हणाल्या. पुढे विचारणं थांबलं. दुखणं ब्रेकचं आहे असं खांबेटे धरून चालले होते. त्यामुळे उपायही त्यांना ब्रेकचाच सुचला.

याच मॉडेलच्या पुढच्या, सुधारलेल्या आवृत्तीत ब्रेकची पुढची चकती २३५ ऐवजी २५५ मिलिमीटरची होती आणि तिला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपरही मोठा होता. हे भाग जुन्या गाडीला बसतात, असं त्यांनी यंदा इंटरनेटवर वाचलं, पुठ्ठ्याची चकती कापून चाकात फिरवून पाहिली आणि नीलला कळवलं. नीलने ऑकलंडच्या एका भंगार यार्डात मोडीत निघालेल्या नव्या गाडीचे भाग स्वतः उतरवले आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून दोन खोक्यांत पाठवले. चिठ्ठ्यांवर त्याच्या अक्षरात 'डावा' आणि 'उजवा' असं लिहिलेलं होतं. मराठीत, कारण खोकं उघडणार कोण हे त्याला माहीत होतं.

खोकी २६ सप्टेंबरला पोहोचली. दसरा २ ऑक्टोबरला होता. "यंदा बरोबर जाऊ," खांबेटे म्हणाले. सुमतीबाई गवार मोडत होत्या. "बघू," त्या म्हणाल्या. बारा वर्षांत 'नको'चं 'बघू' पहिल्यांदाच झालं होतं.

मानपाड्याच्या विश्राम मिस्त्रीने काम हातात घेतलं, पण एक अट घातली. त्याच्या वडिलांपासूनचा नेम होता. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, ती दसऱ्याची दुपार होईपर्यंत उचलायची नाहीत. म्हणजे मंगळवारी, ३० तारखेला, जे होईल ते.

मंगळवारी चार वाजता भाग बसले. विश्राम उजव्या चाकापाशी होता तेव्हा खांबेट्यांनी 'उजवा' लिहिलेला कॅलिपर दिला, डाव्यापाशी गेला तेव्हा 'डावा'. मग विश्रामच्या गड्याने पेडल दाबलं आणि हवा काढायला सुरुवात झाली. पाच वेळा काढली, पेडल कडक होईना. ऐंशी टक्के आलं, पुढे नाही. हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या खालच्या अंगाला होता. विश्रामला ते जरा वेगळं वाटलं, पण भाग नव्या मॉडेलचे, तिथे तसंच असेल असं तो म्हणाला. खांबेट्यांनाही पटलं.

"काका, लागतायत ब्रेक," विश्राम म्हणाला. तो पाने-पक्कड धुवायला घेत होता. "टिटवाळ्याला काय, सपाट रोड आहे. आरामात जाल. दसऱ्यानंतर आणा, मी बघतो."

खांबेटे गाडी हळूहळू घरी घेऊन आले. गाडी थांबत होती, पण पेडल दोन बोटं जास्त खोल जात होतं. पार्किंगमध्ये ते आत बसून राहिले. वर गेल्यावर 'झालं' एवढा एकच शब्द पुरला असता. गुरुवारी सुमतीबाई बसल्या असत्या. रस्ता खरोखरच सपाट होता.

सुमतीबाई देवघरातली भांडी घासून पुसत होत्या. खांबेटे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"पेडल खोल जातंय," ते म्हणाले. "विश्राम म्हणतो चालेल. मला खात्री नाही. परवा आपलं जमणार नाही."

सुमतीबाईंनी ताम्हन पुसून झाल्यावरच वर पाहिलं. किती खोल, असं त्यांनी विचारलं. खांबेट्यांनी दोन बोटं दाखवली. स्क्रू कुठे आहे हे त्यांनी विचारलं. तेही खांबेट्यांनी सांगितलं. मग त्यांनी समई पुसायला घेतली.

"विश्रामची हत्यारं पाटावर गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "आपली नाही गेली अजून. उद्या सकाळी बघू. पूजा दुपारी मांडीन."

बुधवारी साडेसातला दोघं पार्किंगमध्ये होते. सुमतीबाईंनी गुडघ्यांचे पट्टे बांधले होते. बारा वर्षांनी त्यांनी गाडीचं दार उघडलं, ते उजवीकडचं. "दाब", "धर", "सोड" सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मी नाईक गॅलरीतून वाकून म्हणाल्या की आज सूर्य कुठून उगवला. सुमतीबाईंनी पेडल धरूनच हात हलवला.

चार वेळा झालं. "नाही येत," सुमतीबाई म्हणाल्या. "वर कुठेतरी हवा अडकलीय. ही खालून कशी निघेल?"

त्या उतरल्या. पुढच्या चाकापाशी वाकून त्यांनी कॅलिपरला अजून लोंबत असलेली चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर करून वाचली आणि त्यांना हसू आलं.

"अहो, हे नीलने लिहिलंय ना? तो डावं-उजवं समोर उभं राहून सांगतो. तुम्हीच शिकवलंत त्याला. कारखान्यातल्या पॅनेलसारखं, यंत्रासमोर उभं राहायचं आणि मग म्हणायचं. लहानपणी तो माझा उजवा हात मागायचा आणि डावा धरायचा."

खांबेटे चाकाकडे पाहत राहिले. विश्राम आणि सगळे मिस्त्री डावं-उजवं चालकाच्या सीटवरून मोजतात. गाडीच्या बाबतीत खांबेटेही आता तसंच मोजत. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली होती आणि पॅनेलचा नियम त्यांच्या डोक्यातून गेला होता. नीलच्या गेला नव्हता. कॅलिपर उलटे बसले होते, म्हणून वर असायचा तो स्क्रू खाली आला होता आणि हवा माथ्यावर कोंडली होती.

अदलाबदल करायला अडीच तास लागले. मधे एकदा चहा झाला. साडेअकराला शेवटचे बुडबुडे गेले आणि सुमतीबाईंच्या पायाखाली पेडल दगडासारखं उभं राहिलं. त्यांनी ते तीनदा दाबून पाहिलं. कोणाला विचारायची गरज नव्हती, पाय त्यांचाच होता.

चाकं चढवून, प्रत्येक नट दोनदा तपासून खांबेटे उठले, तरी त्या सीटवरच होत्या. "किल्ली द्या," त्या म्हणाल्या. कल्याणच्या शाळेत शिकवायला त्या तेवीस वर्षं स्वतःची छोटी गाडी चालवत जात; निवृत्त झाल्यावर ती विकली. परवाना चालू होता. खांबेटे वळसा घालून डावीकडे बसले. या गाडीत ते त्या बाजूला कधीच बसले नव्हते.

मानपाडा चौकापर्यंत त्या सावकाश गेल्या. डाव्या हाताला पदपथाचे दगड, उभ्या रिक्षा, एका दुकानाची पायरी, सगळं खांबेट्यांच्या कोपराला लागून चाललं होतं. प्रत्येक वेळी त्यांचा उजवा पाय खालच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता. सिग्नलला गाडी सरळ, न डगमगता थांबली.

"घाटाच्या आधी, ओतूरला जेवताना सांगायला हवं होतं मी," खांबेटे म्हणाले.

"हो."

"तू एसटीने गेली असतीस."

"नसते गेले," सुमतीबाई म्हणाल्या. "एवढंच म्हटलं असतं की हळू चालवा. आणि कठड्याकडे लक्ष ठेवलं असतं."

दुपारी पूजा झाली. पाटावर पाने-पक्कड, भाजीची विळी आणि सुमतीबाईंचं शिवणयंत्र होतं.

दसऱ्याला सकाळी सात वाजता गाडीला झेंडूची माळ लागली होती. खांबेटे सुमतीबाईंसमोर उभे राहिले आणि कारखान्यात पाळी संपताना पुढच्या माणसाला सांगायचे तसं त्यांनी सगळं सांगितलं. पेडल ठीक. ब्रेक ऑइल खुणेपर्यंत. मागचा डावा टायर झिजत आलाय, या महिन्यात बदलायला हवा. छपराचं एक बटण लागत नाही.

"आणखी काही?"

खांबेट्यांनी विचार केला. "हॉर्न कधीकधी वाजत नाही."

सुमतीबाईंनी डावीकडचं दार उघडलं आणि साडी सावरून त्या आत बसल्या.