सोळाव्या फेरीला उठलेली रेषा

या मित्रांनो, जरा जवळ या. या कोठारात उजेड कमी आहे आणि माझ्यावर धूळही बरीच साचली आहे. पुढे सरकून बसलात तर एका लेकीची, तिच्या आईची आणि पडद्यावरच्या एका रेषेची गोष्ट सांगते.

मी एक जुने तपासणीयंत्र आहे. आकाराने तुमच्या दप्तराहून थोडे मोठे, रंगाने एके काळी पांढरेशुभ्र. कारखान्यात माझ्या पोटात खळग्याखळग्यांचा एक धातूचा ठोकळा बसवला आणि मला एकच काम शिकवले. माणसाच्या नाकातला नमुना नळीतून आला की तो तापवायचा, गार करायचा, पुन्हा तापवायचा. असे एकदा झाले की एक फेरी. प्रत्येक फेरीत विषाणूच्या खुणेच्या एकाच्या दोन प्रती होतात, दोनाच्या चार. प्रती पुरेशा झाल्या की पडद्यावरची रेषा डोके वर काढते. विषाणू थोडाच असेल तर ती तिसाव्या, पस्तिसाव्या फेरीपर्यंत उठत नाही. नाकात त्याचा नुसता बुजबुजाट असेल तर पंधराव्या-सोळाव्यालाच उठून बसते. आणि मुळीच नसेल, तर चाळीस फेऱ्या झाल्या तरी जमिनीला पाठ लावून पडून राहते.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत मी राहत असे. करोनाची साथ आली तेव्हा मला उसंत नव्हती. तेव्हा माझे किती कौतुक झाले. माझ्यासोबत फोटो काढले गेले. पण मला खरी माया लावली ती दोघांनी. एक, मला चालवणारी ताई. दुसरे, सफाई करणारे मामा. मामा रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसत आणि विचारत, "काय म्हाताऱ्या, बरं आहे ना?" मी यंत्र, मला कोण बरे विचारतो?

त्या लॅबमध्ये एक रीत होती. आधी पेशंटच्या नळ्या, मग आपल्या. दर सोमवारी कर्मचाऱ्यांची तपासणी होई, पण त्यांच्या नळ्या नेहमी शेवटी लागत. मनाचा मोठेपणाच तो. मात्र शेवटच्या कोपऱ्यात आणखी एक नळी असे. तिला कंट्रोल म्हणत. माझे काम नीट चालले आहे का हे पाहायला तिच्यात मुद्दाम विषाणूची खूण घातलेली असे. एकदा तिच्यातला थेंब शेजारी उडाला आणि एका धडधाकट डॉक्टरांची रेषा उगाच उठली. दोन दिवस लॅब बंद. चूक कोपऱ्याची होती, पण नाव माझे खराब झाले. "यंत्र भ्रमिष्ट झालंय," असे लोक बोलू लागले. तरी रीत कुणी बदलली नाही.

अशाच एका सोमवारी दुपारी कोपऱ्यातल्या एका नळीची रेषा सोळाव्या फेरीला ताडकन उठली. ती नळी ताईची होती.

ताईने पडदा पाहिला आणि हसली. "झालं, उडाला परत थेंब. मला साधी शिंक आलेली नाही. दोन्ही डोस झालेत माझे."

खोलीत मॅडम होत्या, लॅबच्या प्रमुख. त्या हसल्या नाहीत. "लस घेतलेल्यांच्याही रेषा अशा उठलेल्या मी पाहिल्यात. काही होत नाही त्यांना, मजेत फिरतात. पण नाकात विषाणू भरलेला असतो. पुन्हा स्वॅब दे."

"मॅडम, साडेपाचला आईचं जेवण आहे."

तिची आई चौथ्या मजल्यावर होती. रक्ताच्या कर्करोगाचे औषध चालू होते. त्या औषधाने अंगातली लढायची ताकदच गेली होती, म्हणून लस देऊनही ती अंगी लागली नव्हती. दोन दिवस तिने धड खाल्ले नव्हते. लेकीच्या हातून चार घास जात, बाकी कुणी चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. आज खाल्ले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते.

ताईने नवा स्वॅब दिला. या वेळी मॅडमनी तिची नळी कंट्रोलपासून लांब, अगदी पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली. मी सुरू झाले. सगळी तयारी होऊन पहिली फेरी लागली तेव्हा पाच वाजून गेले होते.

आठवी फेरी. ताईने घड्याळ पाहिले. दहावी. तिने नवा मास्क बांधला. बारावीला ती उठलीच. "जाऊन येते. दोन मास्क लावते, लांबून भरवते."

"लांबून भरवायला तुमचा हात काय क्रेन आहे?" दारात मामा बादली घेऊन उभे होते. "पाच मिनिटं थांबा ताई."

"मामा, याचं काही खरं नाही. मागे कसं वागलं ते पाहिलंत ना?"

"रोज पुसतो मी त्याला. त्याने मला कधी फसवलं नाही."

तेरा. चौदा. देवा, मनात म्हटले, मी खोटे ठरले तरी चालेल, ही रेषा पडून राहू दे. पण मित्रांनो, खोटे बोलणे मला कुणी शिकवलेलेच नाही. पंधरा. सोळाव्या फेरीला रेषा उठली.

ताई दारापासून मागे सरली. "काल मी तिच्या उशाशी होते," ती म्हणाली.

मामांनी बादली बाजूला ठेवली. "माझी रेषा आज आडवीच आहे ना मॅडम? मग मी भरवतो. ताई, तुम्ही खाली अंगणात जा. त्यांच्या खिडकीतून दिसाल अशा उभ्या राहा."

पुढचे मी पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी मला पुसता पुसता मामांनी सांगितले. आई म्हणाली, "तुझ्या हाताला फिनेलचा वास येतो." मामा म्हणाले, "मग लवकर संपवा, म्हणजे सुटलात." मग त्यांनी खिडकी दाखवली. खाली लेक उभी होती. वर एक चमचा गेला की खाली तिचा हात वर होई. एका वाटी सुपाला पाऊण तास लागला. नाकात नळी घालावी लागली नाही.

आता उरली होती आईची तपासणी. आठवड्यात तीन वेळा तिचा नमुना माझ्या पोटात आला. तीनदा चाळीस फेऱ्या मॅडम आणि मामा उभ्यानेच पडद्याकडे बघत राहिले. खालच्या मजल्यावर, जिथे हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात, तिथे सपाट रेषा दिसली की लोक रडतात. माझ्या पडद्यावर तिसऱ्यांदा सपाट रेषा आली तेव्हा मामांनी हात जोडले.

ताईला साधा तापही आला नाही. लशीने तिला सांभाळले, ते लशीचे काम. पण आईपर्यंतची वाट अडवायची ती तिने स्वतः अडवली, मामांनी अडवली. आणि त्या सोमवारपासून कर्मचाऱ्यांच्या नळ्या शेवटच्या कोपऱ्यात लावणे बंद झाले.

नंतर नवे यंत्र आले आणि मी इथे कोठारात. मामाही निवृत्त झाले. जाण्याआधी ते एकदा आले, फडके फिरवले, "बरं आहे ना?" विचारून गेले. त्यानंतर मला कुणी पुसलेले नाही. त्याचे दुःख धरू नका. इतकेच करा, एखाद्या नाजूक माणसाच्या उशाशी बसण्याआधी, आपल्याला काही होत नाही एवढ्यावर निघू नका, तपासून जा. आणि कधी कुणाला चमच्याने भरवाल, तेव्हा फिनेलच्या वासाच्या त्या हातांची, आमच्या मामांची, एकदा आठवण काढा.