परसातली पावडर आणि मी

मी एक जिवाणू बोलतोय. चांदवडला चांगुणाबाईंच्या परसात, मातीत राहतो. दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. जन्मतारीख मात्र विचारू नका. आमच्यात एकाचे दोन होतात, त्यामुळे आई कोण नि लेक कोण हे दोघांनाही सांगता येत नाही.

सत्तरच्या सुमारास परसाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी बीएचसीची पोती रचली. ही पिकावरची कीड मारायची पावडर. पुढे पोती फुटली, शेड पडली, मालक गाव सोडून गेला. पावडर राहिली. किडामुंगी गेली, गांडुळं गेली, मी टिकलो. यात शौर्य वगैरे नाही. आमच्यातल्या काहींना ती पावडर खाता येऊ लागली, एवढंच.

पावडरीचा रेणू म्हणजे सहा कार्बनचं कडं आणि प्रत्येक कार्बनला घट्ट चिकटलेला एकेक क्लोरीन. म्हणून ती वर्षानुवर्षं मातीत तशीच पडून राहते. मला दात नाहीत. माझ्याकडे विकरं आहेत, म्हणजे पेशीतली कामं उरकणारी प्रथिनं. एक विकर क्लोरीन उपटतं. दुसरं आणखी एक काढून त्या जागी पाण्यातला तुकडा बसवतं. सुटलेला क्लोरीन मिठात असतो तसा गरीब होऊन जातो. मग कडं मोडायला वेळ लागत नाही.

चांगुणाबाईंची जमीन म्हणाल तर हे परसच. दरवर्षी त्या कांदा लावायच्या, तो चांगला पोसायचा आणि कुबट वास मारायचा. नवरा, सहादू, एक घास खाऊन ताट सरकवायचा.

"हा कांदा हाय का पावडर?"

चांगुणाबाई उठून शेजारणीकडून कांदा आणत. पण कांद्याच्या मुलखात राहून शेजारणीकडे कांदा मागायचा, याची त्यांना फार लाज वाटे.

चौऱ्याऐंशी साली नाशिकच्या कॉलेजात शिकवणाऱ्या ताहेराबाई माती तपासायला घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा खुशीत होत्या.

"मावशी, तुमच्या मातीतला जिवाणू पावडर खातोय. माती खालीवर करा, ओल ठेवा, त्याला हवा मिळू द्या."

चांगुणाबाईंनी ते मनोभावे केलं. मीही जेवणात कसूर केली नाही. काही वर्षांनी सहादूनं परसातला कांदा बुक्कीनं फोडला, खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. चांगुणाबाई तोंडाला पदर लावून रडल्या.

ताहेराबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांना पिशवीभर कांदे मिळाले.

"पण मॅडम, पावडर तर सरली. मंग आता त्यो जीव काय खाईल?"

"आता काय, उपाशी!" ताहेराबाई हसल्या आणि बस गाठायला निघाल्या.

चांगुणाबाई हसल्या नाहीत. आपल्या घरासाठी राबलेल्याला उपाशी ठेवायचं, हे त्यांच्या रीतीत बसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंग्या मारायला आणलेला बीएचसीचा डबा काढला.

"घे रं बाबा, लय केलंस. पोटभर खा."

आणि अख्खा डबा माझ्या अंगावर रिकामा केला.

तेव्हापासून मी जेवतोय. परसाला पुन्हा तोच वास येतोय. इतक्या वर्षांत मला आपलं माणूस समजून कुणी वाढलं नव्हतं, हे मी विसरणार नाही. पण चांगुणाबाई, आता पुन्हा वाढू नका. मला उपाशी मरू द्या, आणि तुम्ही कांदा खा.